हिप्परखेडवर परग्रहाची स्वारी

निवृत्ती सोनकांबळेनं जिंदगीत जेवढे भिकार पिक्चर पाहिले, तेवढे अख्ख्या अहमदपूर तालुक्यात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील. पाहिले म्हणण्यापेक्षा भोगले म्हणा. बसलिंगप्पाच्या टूरिंग टॉकीजमध्ये तो ऑपरेटर होता. तंबू आज अहमदपुरात, तर पुढच्या महिन्यात मुखेडला. पब्लिकला कंटाळा आला तर पब्लिक बाहेर जाऊन बिडी ओढतं, बाया पोरांना घेऊन झोपतात. मशीन चालवणाऱ्याला ती सोय नाही. फिल्म कधी तुटेल याचा नेम नसतो, म्हणून पडद्यावरचा सगळा कचरा त्याला डोळे फाडून बघावाच लागायचा.

त्यातही त्याचं डोकं फिरायचं ते परग्रहाच्या पिक्चरांनी. बसलिंगप्पा महाचिक्कू. नवे पिक्चर महाग पडतात म्हणून तो नांदेडच्या कुठल्याशा गोदामातून विलायती पिक्चरांच्या जुन्या, खरचटलेल्या रिळा उचलून आणायचा. सगळे पिक्चर काळे-पांढरे, निवृत्तीपेक्षा वयानं मोठे, अन् सगळ्यांची एकच ष्टोरी. आकाशातून तबकडी येते, तिच्यातून कुणीतरी उतरतं, लोक पळतात, मिल्ट्री येते, शेवटी एक चष्मेवाला काहीतरी यंत्र दाबतो अन् खलास.

तबकडी म्हणे! कुकरचं झाकण दोऱ्याला बांधून हलवायचं अन् लोकांना सांगायचं, ही बघा तबकडी. दोरा तर असा ढळढळीत दिसायचा की त्यावर धोतर वाळत घालावं. अन् तो परग्रहवासी! रबराच्या पोत्यात कोंबलेला कुणीतरी बापडा. तो वळला की पाठीवरची चेन दिसायची. एवढ्या चांदण्या ओलांडून एकटा आलेल्या माणसाची पाठीवरची चेन लावून दिली कुणी, हे निवृत्तीला कधी कळलं नाही. मिल्ट्रीची एकच जीप तीनदा त्याच वळणावरून जायची. बाई किंचाळायची ती आधी, अन् राक्षस दिसायचा तो मागून.

"मालक, ह्याच्यापेक्षा मोकळा पडदा दावा," तो बसलिंगप्पाला म्हणायचा. "लोकास्नी इस्वास तरी बसंल."

"पब्लिक खूश हाय ना? मग तुजं काय जातंय?" बसलिंगप्पा म्हणायचा.

पब्लिक खूश होतं हे खरंच होतं, अन् निवृत्तीला त्याचाच जास्त संताप. असल्या पोत्याला बघून शिट्ट्या मारणाऱ्या माणसांचं काय भलं होणार, असं त्याला वाटायचं.

मग दुष्काळ पडला अन् शिट्ट्याही बंद झाल्या. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून लोकांनी गुलाल उधळला होता. कलेक्टर आले, जीपा आल्या, हापिसावर नव्या पाट्या लागल्या, जुन्या कागदावर नवे शिक्के बसले. सगळं आलं, पाऊस तेवढा आला नाही. गावोगाव टँकर फिरायला लागले. ज्याला घागरीमागं दिवस घालवायचाय तो तंबूत कशाला येतो? बसलिंगप्पानं तंबू गुंडाळून गोदामात टाकला, अन् निवृत्ती घरी बसला.

त्याच टायमाला मन्मथशेठ उगवला.

मन्मथ म्हणजे लातूरच्या एका तेल गिरणीवाल्याचा पोरगा. लहानपणापासून पुण्याच्या होस्टेलात. कॉलेजात काय दिवे लावले ते कुणाला ठाऊक नाही, पण येताना मानेवर रुळणारे केस अन् गळ्यात एक भिंग घेऊन आला. त्या भिंगातून तो सगळीकडं बघायचा. चहावाल्याकडंसुद्धा. सुट्टीत मामाच्या गावी आला की बसलिंगप्पाच्या तंबूत हेच परग्रहाचे पिक्चर बघत तो मोठा झाला होता, अन् निवृत्तीला जे बघून शिसारी यायची ते बघून ह्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता त्याला स्वतःला तसला पिक्चर काढायचा होता. मराठीत. बापाच्या तेलावर.

"निवृत्ती, तुझ्यासारखा उंच माणूस मला मिळणार नाही," तो भिंग डोळ्याला लावून म्हणाला. "तू माझा परग्रहवासी."

निवृत्तीच्या तोंडावर आलं होतं की, शेठ, त्यापेक्षा एखादा बैल उभा करा. पण मन्मथशेठनं पुढं जे सांगितलं त्यानं त्याचं तोंड बंद झालं. त्याचा बाप लातुरात पक्की टॉकीज बांधत होता. सिमिटाच्या भिंती, खुर्च्या, नवी कोरी दोन मशिनं. "पिक्चर पुरा झाला की तिथला ऑपरेटर तू. कायमचा," मन्मथशेठ म्हणाला.

कायमचा! निवृत्तीनं आजवर वाऱ्यात, धुरळ्यात, गुडघ्याएवढ्या खड्ड्यात मशीन लावलेलं. डोक्यावर छप्पर असलेली खोली, दाराला कडी, आत पंखा. त्याला त्या रात्री झोप लागली नाही. एवढ्यासाठी चार दिवस पोत्यात शिरायला त्याची तयारी होती.

"शूटिंग कुठं हाय?" त्यानं दुसऱ्या दिवशी शेठला विचारलं.

"माझ्या मामाच्या गावाला. हिप्परखेडला."

झालं! जगात एवढी गावं पडलीत, तर ह्याला हिप्परखेडच सापडायचं होतं.

हिप्परखेड निवृत्तीचं स्वतःचं गाव. म्हणजे होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते सुटलं, अन् ते कसं सुटलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाऊस लांबला की आपल्याकडं धोंडी काढतात. एका माणसाला कडुलिंबाच्या पाल्यानं अंगभर झाकायचं, दारोदार नाचवायचं, बायांनी त्याच्यावर पाणी ओतायचं, कुंकू लावायचं, पसाभर धान्य द्यायचं. मग म्हणे पाऊस येतो. कुठं लहान पोरं हौसेनं धोंडी होतात. हिप्परखेडात मात्र ते काम महारवाड्याचं होतं, मेलेली ढोरं ओढायचं काम जसं त्यांचं होतं तसंच. छप्पन साली वाड्यानं दीक्षा घेतली अन् ही सगळी कामं एका दिवसात टाकली. त्यानंतर बहात्तर साल उगवलं, विहिरी आटल्या, अन् किशनराव पाटलाला धोंडीची आठवण झाली. किशनराव म्हणजे हाच मन्मथचा मामा. त्यानं निवृत्तीच्या बापाला, दगडोबाला, चावडीवर बोलावलं. गावात त्याच्याएवढं उंच कुणी नव्हतं.

दगडोबा म्हणाला, "पाऊस यायचा तर यील. मी लिंब नेसून कुनाच्या दारात हुबा ऱ्हानार न्हाई."

एवढंच. पण त्यावर दगडोबाला कुणी शेतात उभं केलं नाही, अन् खडी फोडायच्या सरकारी कामावरनंही त्याचं नाव उडालं. दोन बोचकी घेऊन घर अहमदपूरला आलं, अन् दगडोबा धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायला लागला. तेव्हापासून त्यानं हिप्परखेडात पाय टाकला नाही. फार बोलणारा माणूस नव्हता तो. त्यांच्या घरात ना जमीन होती ना सोनं, पण बापानं पाटलाच्या तोंडावर म्हटलेलं ते 'न्हाई' होतं, अन् निवृत्तीला त्याचा गर्व होता. मोंढ्यातले हमाल अजून नव्या माणसाला सांगायचे, हाच तो.

निवृत्तीनं बापाला सगळं खरं सांगितलं. पिक्चर, लातूरची नोकरी, हिप्परखेड.

"पोशाख कसला हाय?" दगडोबानं विचारलं.

"चांदीचा. म्हंजे चमकीचा कागद."

दगडोबा म्हणाला, "जा. ताठ जा अन् ताठ ये."

हिप्परखेडात पोचल्यावर निवृत्तीनं शूटिंगचा थाट पाहिला अन् त्याला बसलिंगप्पाचे विलायती पिक्चर एकदम राजेशाही वाटायला लागले. लग्नाच्या जेवणावळीतल्या दोन कढया एकावर एक पालथ्या जोडून, वर चंदेरी रंग फासून बाभळीला टांगल्या होत्या. ही तबकडी. एका बाजूला 'पंचायत समिती भांडी भांडार' असं कोरलेलं दिसत होतं.

"शेठ, दोर दिसतुय," निवृत्ती म्हणाला.

"ते मी बघतो. तू ॲक्टिंगवर लक्ष दे."

ॲक्टिंग! हात पुढं धरून झोपेत चालल्यासारखं चालायचं, ही ॲक्टिंग. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, त्याला ट्रान्झिस्टरच्या दोन काड्या चिकटवलेल्या. कॅमेरा धरायला उदगीरचा मलप्पा होता. एरवी तो लग्नाचे फोटो काढायचा. त्यानं जन्मात प्रथमच फिल्मचा कॅमेरा हातात घेतला होता, तोही भाड्याचा. मन्मथशेठनं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, 'मी कट म्हणेपर्यंत बटन सोडायचं नाही'. बिचारा ते मंत्रासारखं पुटपुटत होता.

पहिला शॉट घ्यायच्या आतच पोशाखानं मान टाकली. जुन्या रेनकोटावर खळीनं चमकीचा कागद डकवलेला. वैशाखाचं ऊन ते. खळ वाळली अन् कागदाचे पापुद्रे सुटून वाऱ्यावर गावभर उडायला लागले. पोरं ते गोळा करत पळाली. निवृत्ती उरला नुसत्या मळक्या रेनकोटात.

मन्मथशेठनं कपाळ बडवून घेतलं. मग भिंग लावून गरागरा फिरला. शिवार सगळं करपलेलं, जमीन भेगाळलेली, कुठं हिरवं पान नाही. फक्त चावडीपुढं लिंबाचं झाड. लिंबाला दुष्काळ कळत नाही, तो वैशाखात जास्तच हिरवा होतो.

"हिरवा!" शेठ ओरडला. "ग्रहच हिरवा! तो पानांचा माणूस आहे! तोडा रे तो पाला!"

निवृत्ती दोन पावलं मागं सरकला. "शेठ, लिंब न्हाई," तो म्हणाला. "दुसरं काय बी नेसवा. गोनपाट नेसवा. लिंब न्हाई."

"का? अंगावर उठतं का तुझ्या?"

"इथं लिंब नेसला की त्येला धोंडी म्हन्तेत. माझ्या बापानं त्याच पायी गाव सोडलंय. तुमच्या मामालाच इचारा."

मन्मथशेठ हसला. त्याचं ते हसू! ज्याच्या सात पिढ्यांना कुणी दारात नाचवलं नाही, तोच असा हसू शकतो. "अरे, धोंडीला अँटेना असते का? गावात दवंडी दिली आहे की शूटिंग आहे. अन् चेहरा हेल्मेटात. कोण ओळखणार तुला? हे बघ, मला वेळ नाही. नसेल जमत तर तसं सांग, मुखेडचा एक पैलवान कधीपासून मागं लागलाय. मग लातूरच्या मशिनवर पण तोच बसेल."

आता इथं निवृत्तीची बाजू घेण्यात अर्थ नाही. तो नाही म्हणू शकला असता. त्याच्या बापानं दोन लेकरं पदरात असताना म्हटलं होतं. ह्याला ती खोली दिसली, तो पंखा दिसला, अन् त्यानं मनाशी घोकलं की हा पिक्चर आहे, हा पिक्चर आहे. गड्यांनी त्याचा रेनकोट उतरवला अन् कमरेला, गळ्याला, दंडांना पाला बांधला. त्या कडू वासानं त्याला स्वतःची किळस आली. हेल्मेट मात्र त्यानं घाईघाईनं चढवलं.

शॉट असा होता. परग्रहवासी बाभळीकडून गल्लीत येणार. दारात उभ्या असलेल्या बाया त्याला बघून किंचाळणार, घागरी टाकून पळणार. मन्मथशेठनं सगळ्या बायांना स्वतः किंचाळून दाखवलं होतं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

"ॲक्शन!"

निवृत्ती हात पुढं धरून गल्लीत शिरला. हेल्मेटाच्या फटीतून त्याला पहिल्या ओट्यावर तुळजाबाई दिसली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं अन् दवंडी तर तिनं ऐकलीच नव्हती. तिला दिसला तो लिंबाचा पाला नेसून गल्लीतून येणारा उंच माणूस. ती किंचाळली नाही. तिनं हात जोडले.

"अगं बया! धोंडी आली!" ती आत बघून ओरडली. "सूनबाई, पानी आन! आगं धोंडी आली की!"

अन् सून पाणी घेऊन आली. पंधरवड्यानं त्याच दिवशी सकाळी गावात टँकर आला होता. पाटलाच्या गल्लीतल्या घागरी भरून होईस्तोवर तो रिकामा झाला अन् बौद्ध वस्तीपर्यंत पोचला तो नुसता गाळ. त्या पाण्यातला भरलेला तांब्या तुळजाबाईनं निवृत्तीच्या डोक्यावर ओतला. मग शेजारीण धावली. मग पलीकडची. ज्यांना दवंडी माहीत होती, ज्या मघाशी हसत होत्या, त्यासुद्धा धावल्या. वर्षभर आभाळाकडं बघून बघून मान मोडलेल्या बाया त्या, त्यांना पिक्चर काय अन् परग्रह काय. त्यांनी गाणं धरलं. हेल्मेटावर पाण्याचा आवाज ताड ताड वाजत होता अन् निवृत्ती मधोमध उभा होता.

"पळा! बायांनो, पळा! तो शत्रू आहे!" मन्मथशेठ नाचत होता. मग त्यानं भिंग डोळ्याला लावलं. "सोनं! मलप्पा, सोनं! सोडू नकोस! ष्टोरी बदलली! परग्रहवासी पाऊस घेऊन आलाय!"

ह्याला म्हणतात कलावंत. समोर माणूस बुडत असला तरी हा फ्रेम बघणार.

गाणं ऐकून किशनराव पाटील वाड्यातून बाहेर आला. पांढरी मिशी, कानात भिकबाळी, चेहरा उजळलेला. "वा!" तो म्हणाला. "पिच्चरच्या निमतानं का हुईना, गावात धोंडी फिरली. लई पुन्याचं काम झालं. तुळजाकाकू, कुंकू लावा त्येला."

तुळजाबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. हेल्मेटाला कपाळ कुठलं? तिनं दोन्ही हातांनी ते उचललं, निवृत्तीनं धरेपर्यंत ते वर गेलं, अन् ती थबकली.

"आगं बाई. हे तर दगडोबाच हाय."

निवृत्ती बापावर गेलेला होता. तेच नाक, तीच उंची. किशनराव जवळ आला. त्यानं निवृत्तीला खालपासून वरपर्यंत पाहिलं, पायातल्या चिखलापासून ओल्या केसांपर्यंत, अन् त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की जणू तेरा-चौदा वर्षं अडलेला घास आत्ता गळ्याखाली उतरला.

"दगड्याचा पोरगा का तू?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "बघा रे बघा! बाप न्हाई म्हनून गेला, पोरगं सोताहून आलं! शेवटी आलाच का न्हाई वळनावर? मन्मथा, ह्यो पिच्चर चावडीवर दावायचा. अन् अहमदपूरच्या मोंढ्यातबी दावायचा. दगड्याला फुडं बसवून!"

लोक हसले. निवृत्तीच्या कानात नुसती वाफ झाली. आपण काय करून बसलो, हे त्याला आत्ता पुरतं कळलं. पडद्यावर तो येणार, कायमचा. बापाच्या त्या एका शब्दावर हे पाणी ओतलं जाणार, गावोगाव, दर खेळाला, अन् मशीन चालवायला कदाचित तो स्वतःच असणार.

गर्दीच्या कडेला पार्वतीबाई उभी होती, त्याची आत्या, दगडोबाची सख्खी बहीण. ती वस्तीवर राहायची. टँकर संपला हे माहीत असूनही कुणी कळशीभर देतं का बघायला रिकामी घागर घेऊन आली होती. तिनं त्याच्या पायाखालचा चिखल पाहिला.

"सकाळपासून मी हितं घोटभर पान्याला हुबी हाय, निवरत्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला म्हनले संपलं. तुला घालाया बरं निघालं. तुझ्या बापानं जे पायानं उडिवलं ते तू आंगावर घेतलंस, व्हय रं? थू तुझ्या त्या पिच्चरवर!"

ती खरंच थुंकली. मग कुठं निवृत्तीचे हात हलले. त्यानं गळ्यातला पाला ओढला, दंडावरचा ओढला, कमरेचा सोडला. खाली चड्डी अन् बनियन. त्यानं तो सगळा भारा उचलला अन् मन्मथशेठच्या छातीवर टाकला.

"घ्या. तुमचा पिच्चर, तुमचं गाव, तुमचा पाऊस. तुमीच नेसा."

त्याला वाटलं होतं, शेठ भडकेल, शिव्या देईल, अन् आपण निघून जाऊ. पण मन्मथ किती मोठा गाढव आहे याचा त्याला अजून अंदाज यायचा होता.

"अरे, पण कंटिन्यूइटी!" शेठ किंचाळला. "अजून त्याची पाठ घ्यायची आहे! ऊन बदलतंय! मूर्ख! द्या ते इकडं, मीच करतो!" अन् त्यानं शर्ट काढून फेकला, हेल्मेट डोक्यात घातलं, पाला कमरेला गुंडाळला, गळ्यात घातला, हात पुढं धरले अन् गल्लीतून चालायला लागला. "हं, पाणी! ओता! थांबलात का?"

बायांचे तांब्ये हातातच राहिले. तुळजाबाईनं आवाजाकडं कान दिला. "आन हे कोन? हे तर पाटलाच्या भनीचं लेकरू..." तिनं जीभ चावली. मागच्या बाजूला एका पोरीला मात्र राहवलं नाही. "पाटलाचा भाचा धोंडी झाला गं!" ती म्हणाली, अन् ते सगळ्यांनी ऐकलं.

किशनरावानं धोतर वर खोचलं. तो धावला. त्या वयाचा माणूस इतक्या जोरात धावलेला हिप्परखेडनं कधी पाहिला नव्हता. त्यानं भाच्याच्या गळ्यातला पाला खसकन ओढला, त्यासरशी भाचा चिखलात आपटला.

"उतर! उतर ते आदुगर! पाटलाच्या घरचा हायस तू! दारोदार भीक मागायची धोंडी हुतोस व्हय रं भाड्या?"

"मामा, मघाशी तुम्हीच म्हणालात, पुण्याचं काम!"

"पुन्याचं काम ज्येनं करायचं त्येनं करायचं!"

बोलून गेला गडी. शब्द तोंडातून सुटला, अन् तो गल्लीभर ऐकू गेला. निवृत्तीनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं घागर कमरेवर नीट घेतली अन् मान हलवली, 'ऐकलंस ना?' अशी.

तेवढ्यात किशनरावाला कॅमेऱ्याचा खुरखुर आवाज आला. तो वळला. मलप्पा तिपाईमागं वाकून इमानेइतबारे बटन दाबून उभा होता.

"ते चालू हाय का काय?"

"चालू हाय की, मालक," मलप्पा म्हणाला. "शेठ कट कुटं म्हनले अजून?"

"माजं बी आलं त्येच्यात?"

"समदं आलं. तुमी पळलाव, शेठ पडले, समदं."

पाटलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काढ भायेर! आत्ताच्या आत्ता!"

"मामा, नको!" मन्मथ चिखलातून उठत रडकुंडीला आला. "तो भाड्याचा आहे! फिल्म एवढीच आहे! मी एडिटिंगमध्ये कापतो ना तेवढं! पहिलं सोनं आहे, ते राहू द्या, नंतरचं कापतो!"

किशनराव घोटाळला. त्याला भाच्यावर विश्वास नव्हता, मलप्पाला तर काहीच कळत नव्हतं. मशिनीतलं कळणारा तिथं एकच माणूस होता, चड्डी-बनियनवर उभा असलेला. पाटलाला त्याच्याकडं वळावं लागलं.

"कापता येतं का रं?"

"येतं की," निवृत्ती म्हणाला. "पन त्येच्या आदी ही रीळ धुवाया म्हमईला जाती. थितली लोकं बघत्यात. मग कापलेला तुकडा कुनीतरी खिशात घालतंय. आमच्या तंबूत असले तुकडे लई यायचे, मालक. मधेच लावून द्यायचो आमी. पब्लिक लई खूश हुतं."

"मग पुसायचं कसं?"

"सोप्पं हाय. डबा उघडा अन् उन्हात धरा. न धुतलेली फिल्म उजेडानं जळून जाती."

मन्मथ पाया पडायला लागला. त्याला बाजूला सारून पाटलानं तिपाईवरनं कॅमेरा हिसकला, झाकण उचकटलं अन् आतली फिल्म हातानं ओढायला लागला. दोन्ही हात फाकवून वावभर, दोन वाव, ती संपता संपेना. वळवळत ती त्याच्या हातांना, गळ्याला, भिकबाळीला अडकत राहिली. डोक्यावर वैशाखाचं ऊन. तो प्रत्येक वाव वर धरून नीट फिरवून बघत होता, त्यात आपलं तोंड दिसतंय का म्हणून. गाव उभं राहून पाटलाकडं बघत होतं.

लातूरची खोली गेली, पंखा गेला. निवृत्तीला ते कळत होतं. पण त्या काळ्या वेटोळ्यांकडं बघताना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला एक फिल्म शेवटपर्यंत बघावीशी वाटली.

सगळी फिल्म बाहेर आली. किशनरावानं धापा टाकत विचारलं, "गेलं का?"

"गेलं, मालक."

"मन्मथाचं? समदं?"

"समदं. शेठचं गेलं, तुमचं गेलं, माझंबी गेलं."

पाटलानं घाम पुसला. जीव भांड्यात पडला होता त्याचा, म्हणून तो मोकळेपणानं बोलला. वाईट वाटून घेऊ नये अशा, अगदी सहज सुरात.

"तुझं ऱ्हायलं अस्तं तरी चाललं अस्तं रं. तुझ्यानं कुनाचं काय बिघडतंय?"

निवृत्तीनं आत्याच्या कमरेवरची रिकामी घागर उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "म्हनून तर समदी रीळ तुमच्या हातानं जाळाया लावली."